‘शाह’ हिरा आणि ग्रिबोयेदोव्हचा खून : एका रूढ समजाचें परीक्षण

मॉस्को येथील क्रेमलिनच्या रत्नभांडारांत ‘शाह’ या नांवाचा एक हिरा ठेविलेला आहे. त्याचें वजन ८८.७ कॅरट असून रंग किंचित् पिवळसर तपकिरी आहे. पैलू पाडून त्याचें मूळ रूप पालटण्याच्या भरीस कोणी पडलें नाहीं. त्यामुळें त्याचा लांबट नैसर्गिक आकार बराचसा कायम राहिला आहे. दोरा बांधून लोंबता ठेवण्यासाठीं त्याच्या एका टोकाशीं खांच कोरलेली आहे. परंतु संशोधकांस त्याचें महत्त्व वाटतें तें त्याच्या वजनामुळें नव्हे, तर त्यावर कोरलेल्या तीन फार्सी लेखांमुळें. पहिला लेख अहमदनगरच्या दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाचा, दुसरा शहाजहान बादशहाचा व तिसरा इराणच्या फतेअलीशहाचा आहे. निजामशाहीचा लेख अंगावर वागविणारा हा दगड आमच्या वाचकांस परका वाटूं नये.

या हिऱ्याविषयीं एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते ती अशी : इ. स. १८२९ त तेहरान येथें रशियाचा वकील अलेक्झांडर ग्रिबोयेदोव्ह याचा जमावानें खून केला. त्याचें प्रायश्चित्त म्हणून इराणच्या शहानें हा हिरा झार पहिला निकोलस यास दिला. सबब हा हिरा म्हणजे वकिलाच्या रक्ताची किंमत होय. रत्नशास्त्रज्ञ अलेक्झांडर फेर्समान यांच्या लेखनांतून ही गोष्ट दूरवर गेली, व पुढील ग्रंथकारांनीं ती एकमेकांवरून उतरून घेतली. ही गोष्ट कितपत टिकते हें पाहणें एवढाच या लेखाचा हेतु आहे. प्रश्न नुसत्या एका दगडाचा नाहीं. ‘खुनाची किंमत’ हा शब्द एकदां मान्य केला, कीं खून कोणी करविला व तो कोणीं कबूल केला याचाही निवाडा पुराव्यावांचूनच होऊन जातो. आख्यायिकेच्या पोटांतून असा निवाडा आंत येतो, तेव्हां तो वाचणारास दिसतही नाहीं. म्हणून आधीं प्रकरणाची हकीकत, मग तिचीं साधनें, आणि शेवटीं हिरा, अशा क्रमानें जाऊं.

रशिया व इराण यांचें दुसरें युद्ध १८२६ त सुरू झालें, व १८२८ च्या फेब्रुवारींत तुर्कमानचाय या खेड्यांत झालेल्या तहानें संपलें. रशियाच्या बाजूनें सेनापति पास्केविच व इराणच्या बाजूनें युवराज अब्बास मिर्झा हे मुख्य होते. तहाच्या सिद्धतेंत ग्रिबोयेदोव्हचा मोठा भाग होता. एरिवान व नखिचेवान हे प्रांत रशियाकडे गेले आणि इराणवर दहा ‘कुरूर’ तुमान इतकी खंडणी बसली. येथें आमच्याकडील वाचकानें सावध राहिलें पाहिजे. आमच्या ‘करोड’ शब्दाचाच हा सोयरा. परंतु इराणांत कुरूर म्हणजे पांच लक्ष. म्हणून दहा कुरूर म्हणजे पन्नास लक्ष तुमान, व त्या वेळच्या ठरलेल्या भावानें दोन कोटि रुप्याचे रुबल. शब्द ओळखीचा दिसला म्हणून जो हिशेब आपल्या रीतीनें करील, त्याची वीसपट चूक होईल. इराणच्या खजिन्यास ही रक्कम केवढी जड होती हें पुढील सर्व प्रकरणाच्या मुळाशीं आहे. ती वसूल करावी व तहाचीं कलमें अमलांत आणावीं, यासाठींच ग्रिबोयेदोव्हची ‘वजीर मुख्तार’ म्हणून नेमणूक झाली.

खंडणीइतकेंच नाजूक असें तेरावें कलम होतें. पूर्वीच्या व चालू युद्धांत धरले गेलेले कैदी व कोणत्याही काळीं बंदिवासांत सांपडलेले उभय पक्षांचे प्रजाजन परत करावे, व अशा लोकांची मागणी केव्हांही करतां यावी, असा त्याचा आशय होता. कागदावर हें कलम न्याय्य दिसतें. परंतु प्रत्यक्षांत ज्या ‘बंदिवानां’ची मागणी व्हावयाची त्यांतील कित्येक स्त्रिया आतां इराणी सरदारांच्या जनान्यांत होत्या, व कित्येक पुरुष मुसलमान होऊन दरबारच्या चाकरींत वाढले होते. मिर्झा याकूब हा असाच एक. हा मूळचा एरिवानकडील आर्मेनियन. धरून आणलेला, खच्ची केलेला, आणि पुढें शहाच्या जनान्याच्या खजिन्यावर बसलेला. एरिवान रशियाचें झाल्यावर आपण रशियाची रयत आहों असें म्हणून त्यानें वकिलातींत आश्रय मागितला. शहाच्या अंतःपुराचीं व धनाचीं सर्व गुह्यें ज्यास ठाऊक, असा मनुष्य शत्रूच्या घरांत गेला. शिवाय अल्लायारखान या बड्या सरदाराच्या जनान्यांतील दोन स्त्रियाही वकिलातींत आणण्यांत आल्या. मुजतहिद मिर्झा मसीह यानें, मुसलमान स्त्रियांस सोडविणें हें धर्मकृत्य आहे, असा अभिप्राय दिला, आणि मशिदींतून निघालेला जमाव वकिलातीवर चालून गेला.

हा दिवस हिजरी १२४४ च्या शाबान महिन्याची ६ तारीख होय. आम्हीं गणित करून पाहिलें असतां त्या दिवशीं नव्या ख्रिस्ती पंचांगाप्रमाणें ११ फेब्रुवारी १८२९, बुधवार, येतो. रशियांत त्या वेळीं जुनें पंचांग चालत असल्यामुळें रशियन कागदांत ३० जानेवारी ही तारीख आढळते. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत. त्यांत बारा दिवसांचें अंतर पाहून कोणी दोन घटना कल्पूं नयेत. वकिलातींतील सदतीस माणसें पडलीं असें सांगतात. मुत्सद्द्यांपैकीं पहिला चिटणीस मालत्सोव्ह हा एकटाच लपून वांचला. ग्रिबोयेदोव्हचें प्रेत तिफ्लिसला नेऊन त्याच वर्षीं पुरण्यांत आलें.

आतां साधनांकडे वळूं. या प्रकरणाचीं प्रमुख साधनें तीन प्रकारचीं आहेत, आणि तिन्ही निरनिराळ्या रीतीनें डागाळलेलीं आहेत.

पहिलें साधन मालत्सोव्हचें निवेदन. तो प्रत्यक्षदर्शी, म्हणून त्याचा मान मोठा. परंतु त्यानें दोन ठिकाणीं दोन गोष्टी सांगितल्या आहेत. इराणी लोकांच्या हातीं असेपर्यंत त्यानें शहाचा कांहीं दोष नाहीं असें म्हटलें. सरहद्द ओलांडल्यावर, आपण तें प्राण वांचविण्यासाठीं बोललों, अशी कबुली देऊन दरबारावर ठपका ठेविला. दुसरें निवेदन मोकळेपणीं लिहिलेलें, म्हणून अधिक विश्वसनीय, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु धनी मारला गेला असतां आपण एकटे जिवंत कसे, याचा जबाब वरिष्ठांस देणाऱ्या माणसाचें हें लिखाण आहे हेंही विसरतां येत नाहीं. भीति एका निवेदनांत आहे, तशी दुसऱ्यांतही आहे. फक्त कोणाची भीति, एवढाच फरक.

दुसरें साधन एडिंबरो येथील ‘ब्लॅकवुड’ मासिकाच्या सप्टेंबर १८३० च्या अंकांत छापलेला वृत्तांत. वकिलातीबरोबर नेमलेल्या मेहमानदाराकडील एका इराणी कारकुनानें तो लिहिला असें त्यावरून दिसतें. लेखकाचें नांव नाहीं. छापिलें आहे तें भाषांतर. मूळ फार्सी प्रत अभ्यासकांपुढें नाहीं. निनांवी लेख, तोही भाषांतर, तोही तिसऱ्या राष्ट्राच्या मासिकांत! अशा कागदाकडे संशयानें पाहणें रास्तच आहे. विशेषतः तेहरानच्या दरबारीं इंग्रजांचें रशियाशीं हाडवैर असतां. या प्रकरणाच्या मागें इंग्रजांची फूस होती असें म्हणणाऱ्या रशियन लेखकांनीं तर हा वृत्तांत मुळींच जमेस धरूं नये असें सुचविलें आहे. परंतु संशय घेणें निराळें व टाकून देणें निराळें. या वृत्तांतांत नाशाचा दिवस ‘बुधवार, ६ शाबान’ असा दिला आहे, व तो वर दाखविल्याप्रमाणें गणितानें बरोबर जुळतो. याकूबचा आश्रय, त्या दोन स्त्रिया, मशिदींतून निघालेला जमाव, या मुख्य गोष्टींत तो मालत्सोव्हशीं जमतो. फरक पडतो तो दोषाच्या वांटणींत. वृत्तांतकार ग्रिबोयेदोव्हला स्वतःला भला म्हणतो आणि त्याच्या परिवारांतील रुस्तुम बेग व दादाश बेग यांच्या अरेरावीवर बोट ठेवितो. ज्यास नुसती खोटी निंदा करावयाची असेल तो मुख्य माणसास सोडून नोकरांस धरणार नाहीं. आमच्या मतें हा कागद घटनांविषयीं बराच खात्रीचा, व हेतूंविषयीं जपून वापरावा असा आहे.

तिसरें साधन इराणी दरबारी तवारिखांचें. त्यांत सिपिहर याची ‘नासिखुत्तवारीख’ प्रसिद्ध आहे. ती नासिरुद्दीनशहाच्या अमदानींत, म्हणजे घटनेनंतर बऱ्याच वर्षांनीं, राजाश्रयानें लिहिलेली. तींत वकिलाच्या उद्दामपणावर भर असावा यांत नवल नाहीं. बखर व अस्सल पत्र यांतील तारतम्य आमच्या वाचकांस शिकविण्याची गरज नाहीं; तेंच तारतम्य येथें लावावें.

या तिन्ही साधनांतून एक गोष्ट ठरते व एक ठरत नाहीं. जमाव जमला, कारण कोणतें झालें, हें ठरतें. शहानें तो जमाव उठविला हें ठरत नाहीं. आणि तेव्हांच्या रशियन सरकारनेंही तसें ठरविलें नव्हतें. परराष्ट्रमंत्री नेसेलरोड यानें पास्केविचला लिहितांना, मृत वकिलाच्या अविचारी उत्साहाकडेच कारण जोडलें होतें. रशिया त्या वेळीं तुर्कांशीं लढत होता, व इराणशीं पुनः युद्ध त्यास परवडणारें नव्हतें, हें या सौम्यपणाचें कारण असेल. पण कारण कांहींही असो, ज्या पक्षास ‘किंमत’ घ्यावयाची, त्यानेंच गुन्हा दरबारच्या पदरीं घातलेला नव्हता.

अब्बास मिर्झाचा तरुण मुलगा खुस्रो मिर्झा १८२९ च्या उन्हाळ्यांत सेंट पीटर्सबर्गला गेला. त्याच्या परिवारांत मिर्झा सालिह शिराझी होता, व पुढें अमीर कबीर या नांवानें प्रसिद्ध झालेला मिर्झा तकीखान हाही होता. ऑगस्टांत झारची भेट झाली, क्षमायाचना झाली, नजराणे झाले. त्या नजराण्यांतच आपला हिरा होता. फळ काय मिळालें? झारनें झाला प्रकार विसरल्याचें दाखविलें, खंडणीपैकीं एक कुरूर माफ केला व एक कुरूर पांच वर्षें पुढें ढकलला. मिर्झा मसीह यास इराणबाहेर जावें लागलें.

आतां ‘रक्ताची किंमत’ हा शब्द या हकीकतीशीं ताडून पाहूं.

(१) फार्सींत ज्यास ‘खूनबहा’ म्हणतात तो मयताच्या वारसांस द्यावयाचा असतो. ग्रिबोयेदोव्हला तरुण विधवा होती, आई होती. हिरा त्यांस मिळाला नाहीं. तो झारच्या खजिन्यांत गेला. विधवेस व आईस वेतन मिळालें तें झारकडून, आमच्या दप्तरांतील बालपरवेशीच्या धर्तीवर. म्हणजे ज्या रिवाजाचें नांव या हिऱ्यास देतात, त्या रिवाजाचें मुख्य लक्षणच येथें नाहीं.

(२) किंमत देणारास देऊन टाकावी लागते. येथें देणाराची वीस लक्ष रुबलांची सुटका झाली. व्यवहार म्हणून पाहिलें तर हिरा खुनाच्या खातीं नव्हे, खंडणीच्या खातीं मांडणें अधिक सयुक्तिक दिसतें.

(३) पूर्वेकडील दरबारांतून कोणताही वकील रिकाम्या हातानें जात नसे. पेशकश हा भेटीचा भाग होता, दंडाचा नव्हे. हिऱ्याबरोबर इतर मोलाच्या वस्तूही होत्या. सबंध यादींतून एकच वस्तु उचलून तिला दंड म्हणणें व बाकीच्यांस नजराणा म्हणणें यास आधार पाहिजे. ही गोष्ट सांगणारे लेखक १८२९ चें अस्सल पत्र पुढें करण्याऐवजीं बहुधा एकमेकांचा हवाला देतात. मालत्सोव्हचें निवेदन या भेटीच्या आधींचें, आणि ब्लॅकवुडमधील वृत्तांताचा विषय वकिलातीच्या नाशापाशींच संपतो. तेव्हां त्यांची साक्ष येथें काढतां येत नाहीं.

दुसऱ्या बाजूसही न्याय दिला पाहिजे. खून झाला नसता तर खुस्रो मिर्झा त्या वर्षीं त्या कामास गेला नसता, व हिराही कदाचित् गेला नसता. एवढ्या अर्थानें हिऱ्याचा व खुनाचा संबंध आहेच. आम्ही नाकारतों तो संबंध नव्हे, तर त्या संबंधास दिलेलें नांव.

खुद्द हिऱ्याची साक्ष राहिली. तो तीन वेळां बोलतो. पहिल्या लेखांत बुऱ्हाण सानी निजामशहा व साल १०००. दुसऱ्यांत जहांगीरशहाचा पुत्र जहानशहा व साल १०५१. तिसऱ्यांत साहिबकिरान काजार फतेअलीशहा व साल १२४२. सेर्गेई ओल्डेनबर्ग या रशियन प्राच्यविद्यापंडितानें हे लेख वाचले. हिजरी १००० हें १५९१ च्या ऑक्टोबरांत सुरू होतें; बुऱ्हाण नुकताच गादीवर आला होता. ज्याच्या आश्रयानें ‘बुऱ्हाने मआसिर’ लिहिला गेला, तोच हा राजा. १०५१ हें १६४१ त सुरू होतें. येथपर्यंत ठीक. परंतु तिसऱ्या लेखाचें साल कित्येक वर्णनांत ख्रिस्ती १८२४ असें दिलेलें आढळतें, तें चूक आहे. हिजरी १२४२ हें १८२६ च्या ऑगस्टांत सुरू होऊन १८२७ च्या जुलैअखेरीपर्यंत चालतें; १८२४ म्हणजे १२३९ व १२४०. दोन वर्षांचा फरक लहान वाटेल. पण १८२४ शांततेचें वर्ष आहे, व १८२६–२७ युद्धाचें. पुस्तकामागून पुस्तकांत ही चूक तशीच उतरावी, यावरूनच हिऱ्याविषयींचें लेखन किती तपासून होतें हें कळतें.

योग्य साल धरलें म्हणजे लेखाचा अर्थही लागतो. फतेअलीशहा हिजरी १२१२ त गादीवर बसला. १२४२ म्हणजे तिसांचा फेरा पुरा झाला. ‘साहिबकिरान’ हें बिरुद त्यानें याच सुमारास मिरविलें, आणि त्यावरूनच ‘किरान’ हें रुप्याच्या नाण्याचें नांव पडलें, हें नाणकशास्त्रज्ञांस ठाऊक आहे. दुसऱ्या लेखाचा धनी शहाजहान हाही आपल्या नाण्यांवर ‘साहिबकिरान सानी’ म्हणवीत असे. तेव्हां हा लेख दीर्घ राज्याच्या अभिमानाचा आहे. हिरा दुसऱ्यास देऊन टाकावयाचा विचार त्यांत नाहीं, आणि ग्रिबोयेदोव्ह तर तेव्हां जिवंत होता.

अहमदनगरकडील प्रवासाविषयींही अशीच घाई झालेली आहे. १६०० त अकबराच्या फौजेनें अहमदनगरचा किल्ला घेतला तेव्हां हिरा मोंगलांकडे गेला, असें बेधडक लिहितात. लेखांवरून एवढेंच ठरतें कीं १००० त तो निजामशहाकडे होता व १०५१ त शहाजहानकडे. त्या पन्नास वर्षांत १६०० येतें, तसें १६३३ चें दौलताबादचें पतनही येतें, आणि शहाजी राजांनीं माहुलीस शस्त्र खालीं ठेविलें तें १६३६ ही येतें. दगड यांपैकीं एकाची निवड करीत नाहीं. आपणही करूं नये. तीच गोष्ट ताव्हेर्न्येची. १६६५ त औरंगजेबाच्या सिंहासनासमोर लोंबत असलेला ऐंशी-नव्वद कॅरटांचा हिरा त्यानें पाहिला. खांच पाहून तो हाच असावा असा तर्क करितात. तर्क चांगला आहे, पण तो तर्क म्हणूनच लिहावा.

या हिऱ्याच्या तेजापुढें एक मोठी गोष्ट झांकली गेली आहे, व आमच्या वाचकांचें विशेष लक्ष आम्ही तिकडे वेधूं इच्छितों. याच युद्धाच्या शेवटीं, १८२८ त, सुख्तेलेन या सेनानीनें आर्दबील घेतलें, आणि तेथील शेख सफीच्या दर्ग्याच्या ग्रंथालयांतील १६६ हस्तलिखितें सेंट पीटर्सबर्गला गेलीं. तीं पुनः आर्दबीलास आलीं नाहींत. आणि पुढच्याच वर्षीं फतेअलीशहानें झारला नजर केलेले १८ ग्रंथ त्याच ग्रंथालयांत दाखल झाले. १८५२ त डॉर्न यानें त्या संग्रहाची वर्णनात्मक यादी छापिली. आज तें रशियाचें राष्ट्रीय ग्रंथालय म्हणून ओळखलें जातें. एकाच कपाटाच्या आसपास जिंकून नेलेले ग्रंथ व सन्मानानें दिलेले ग्रंथ एकत्र बसले आहेत. कोणता कसा आला हें यादीवरून व मोहोरांवरून कळतें, कारण ग्रंथांची कोणी गोष्ट रचली नाहीं. त्यांची नोंद केली. हिऱ्याची मात्र नोंद मागें पडली व गोष्ट पुढें आली. ग्रंथांच्या पंक्तींत ठेवून पाहिला म्हणजे हिरा काय आहे हें आपोआप दिसतें : नजराण्यांतील एक बाब, सर्वांत भारी, पण बाबच.

संग्राहकांस आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे. जुनी वस्तु विकत घेतांना तिच्याबरोबर तिची कथाही आपण घेतों, आणि पुष्कळदां किंमत कथेचीच देतों. यूरी तिन्यानोव्ह यानें १९२७–२८ त ग्रिबोयेदोव्हच्या मरणावर कादंबरी लिहिली ती कादंबरी म्हणूनच लिहिली; तिला कोणी दप्तर समजत नाहीं. परंतु रत्नाच्या वर्णनांत शिरलेली कथा दप्तराच्या वेषांत हिंडते, म्हणून ती अधिक फसवी. ग्रिबोयेदोव्ह मोठा नाटककार होता, आणि तहाचीं कलमें अक्षरशः पाळावयास जाऊन तो मेला. त्याच्या मरणाचा दोष कोणावर किती हें ज्यास ठरवावयाचें असेल त्यानें तेराव्या कलमाचे शब्द, मालत्सोव्हचीं दोन निवेदनें व तो निनांवी वृत्तांत समोरासमोर ठेवून बसावें. हिरा त्यास या कामीं मदत करणार नाहीं. त्यावर तीन लेख आहेत, व तिन्ही वाचून झाले आहेत. चौथा लेख जो सर्वांच्या तोंडीं आहे, तो दगडावर कोणीं कोरलेला नाहीं.